ग्रीक पुराणकथांवरील किशोर कादंबऱ्या वाचायला घेताना: क्रम, प्रती आणि टाळण्याजोग्या चुका

माझी भाची दहा वर्षांची झाली तेव्हा तिला वाढदिवसाला एक जाड, देखणे पुस्तक दिले. मुखपृष्ठावर ‘भाग पहिला’ असे स्पष्ट छापलेले होते, त्यामुळे आणखी चौकशी करण्याची गरज मला वाटली नाही. आठवड्याभरात तिचा फोन आला. “मावशी, यातले सगळे जण कुणा पर्सीला शोधतायत, आणि तो पुस्तकात कुठे येतच नाहीये. तो कोण आहे?” मी आणलेला भाग पहिलाच होता, पण तो दुसऱ्या मालिकेचा पहिला होता. पाच कादंबऱ्यांचा नायक असलेला मुलगा त्यात बेपत्ता झालेला आहे, आणि त्या पाचांपैकी एकही आमच्या घरात नव्हती.

पुढच्या दोन वर्षांत आम्ही दोघींनी मिळून या कादंबऱ्यांचे तीनही संच वाचले, काही पुस्तके चुकून दोनदा विकत घेतली, एक प्रत परत करावी लागली आणि दोन रहस्ये वेळेआधी फुटली. अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी, किंवा स्वतःसाठीही, ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांना ही दगदग होऊ नये म्हणून हे टिपण लिहीत आहे. ग्रीक पुराणांवर किशोरांसाठी पुष्कळ लेखन झाले असले, तरी सुरुवात रिक रायर्डन या अमेरिकन लेखकाच्या ‘पर्सी जॅक्सन’ मालिकेपासून करावी असे माझे मत आहे, आणि पुढचे सारे तिच्याविषयी आहे.

१. आधी कूळ समजून घ्या

रायर्डन हे मूळचे शिक्षक. टेक्सास आणि कॅलिफोर्नियातल्या शाळांत त्यांनी इंग्रजी आणि इतिहास शिकवला, आणि पर्सीच्या आधी ते प्रौढांसाठी रहस्यकथा लिहीत असत. त्यांच्या मुलाला वाचनात अक्षरांचा गोंधळ होण्याचा, म्हणजे डिस्लेक्सियाचा, आणि एका जागी लक्ष न लागण्याचा त्रास होता. रात्री झोपताना ते त्याला ग्रीक गोष्टी सांगत, आणि ठाऊक असलेल्या गोष्टी संपल्या तेव्हा त्यांनी नवा नायक रचला. या नायकालाही तेच दोन्ही त्रास आहेत. इंग्रजी अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे तरंगतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेला आहे. आणि तो वर्गात स्वस्थ बसू शकत नाही, कारण ती चुळबुळ रणांगणावर जीव वाचवणारी आहे. ज्या मुलाला शाळेत ‘हा कुठे लक्षच देत नाही’ असे सारखे ऐकावे लागते, त्याच्या हाती हे पुस्तक पडल्यावर काय होते, ते एकदा जवळून पाहण्याजोगे असते.

मूळ मालिका पाच भागांची आहे: ‘द लाइटनिंग थीफ’ (२००५), ‘द सी ऑफ मॉन्स्टर्स’ (२००६), ‘द टायटन्स कर्स’ (२००७), ‘द बॅटल ऑफ द लॅबिरिंथ’ (२००८) आणि ‘द लास्ट ऑलिंपियन’ (२००९). तिच्यानंतर ‘द हीरोज ऑफ ऑलिंपस’ ही दुसरी पाच भागांची मालिका येते: ‘द लॉस्ट हीरो’ (२०१०), ‘द सन ऑफ नेपच्यून’ (२०११), ‘द मार्क ऑफ अथीना’ (२०१२), ‘द हाउस ऑफ हेडीज’ (२०१३) आणि ‘द ब्लड ऑफ ऑलिंपस’ (२०१४). तिसरी मालिका ‘द ट्रायल्स ऑफ अपोलो’ ही २०१६ ते २०२० या काळात आली, आणि तीही पाच भागांचीच आहे. त्यानंतर २०२३ पासून पर्सीची आणखी काही पुस्तके निघाली आहेत. ज्या क्रमाने ती प्रसिद्ध झाली त्याच क्रमाने वाचावीत. इतर क्रम सुचवणारे लोक भेटतील. पण मी एकदा उलट्या टोकाने शिरले आहे, आणि ती चूक पुन्हा कुणी करू नये.

२. सोबत काय लागेल

फारसे काही लागत नाही. मात्र पुढील वस्तू पहिल्या दिवसापासून हाताशी असाव्यात.

• एक दोनशेपानी वही, नावांसाठी.
• अमेरिकेचा नकाशा. शालेय नकाशासंग्रहातला पुरतो.
• जवळच्या वाचनालयाचे सभासदत्व. नव्या सभासदाला बहुधा पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि अनामत रक्कम द्यावी लागते. बाल विभागाची वर्गणी वेगळी असेल, तर एका वेळी किती पुस्तके मिळतात हे आधी विचारावे. भाग संपतो तेव्हा पुढचा त्याच दिवशी हवा असतो.
• इंग्रजी शब्दकोश ऐच्छिक आहे, आणि तो मुलाच्या हातात नसून तुमच्या हातात असलेला बरा.

नकाशा का, असे तुम्ही विचाराल. या कादंबऱ्यांत ग्रीक देव आजच्या अमेरिकेत राहायला आलेले आहेत. ऑलिंपस पर्वत न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर आहे. इमारतीला प्रत्यक्षात १०२ मजले आहेत, हे मुलाला कळले की त्याची कळी खुलते. पाताळाचे दार लॉस एंजेलिसमध्ये आहे, राक्षसांचा समुद्र म्हणजे बर्म्युडा त्रिकोण, आणि अर्धदेव मुलांची छावणी लाँग आयलंडवर आहे. पहिल्या भागात ही मुले पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यापर्यंत जातात. भाचीने तो मार्ग लाल पेन्सिलीने आखला होता, आणि सेंट लुइस कुठे आहे हे तिला आजही भूगोलाच्या पुस्तकाशिवाय सांगता येते.

३. प्रत पाहून घ्या

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथे, म्हणून या टप्प्यावर जरा थांबते.

पहिला सापळा नावाचा आहे. अमेरिकन आवृत्तीवर कादंबरीचे नाव मोठे आणि मालिकेचे नाव लहान छापतात. ब्रिटिश आवृत्तीवर त्याच पुस्तकाचे नाव ‘पर्सी जॅक्सन अँड द लाइटनिंग थीफ’ असे येते. मुखपृष्ठेही वेगळी असतात. ही दोन वेगळी पुस्तके आहेत असे समजून मी दोन्ही घेतली.

दुसरा सापळा चित्रकादंबरीचा. या कादंबऱ्यांची चित्ररूप संक्षिप्त रूपांतरे निघाली आहेत आणि त्यांची नावे तीच आहेत. चित्रकादंबरी वाईट असते असे नव्हे, पण पर्सीच्या निवेदनातली गंमत तिच्यात फारशी उरत नाही. ऑनलाइन मागवताना पृष्ठसंख्या पाहावी. मूळ पहिली कादंबरी साडेतीनशे पानांच्या आगेमागे असते. निम्म्याहूनही कमी पाने दिसली, तर ती चित्रकादंबरी समजावी.

तिसरा सापळा पथारीवरच्या स्वस्त प्रतींचा. मी अशीच एक घेतली होती. कागद पिवळट आणि शाई पुसट होती, तरी तेवढे चालवून घेतले असते. पण ऐन लढाईच्या प्रसंगात सोळा पानांचा एक फर्मा दोनदा बांधलेला होता आणि पुढचा फर्मा नव्हताच. भाचीने तो भाग वाचनालयाच्या प्रतीवरून हाताने उतरवून काढला आणि पुस्तकात चिकटवला. तिचा हा उद्योग मला आवडला, पण लेखकाचे हक्काचे पैसे बुडवणारे पुस्तक आपण घरात आणले याची खंत राहिलीच. जुनी पण अस्सल प्रत अनेकदा तेवढ्याच किमतीत मिळते.

पाच भागांचा संच एकदम घ्यावा का? घेऊ नये. आधी पहिला भाग वाचनालयातून आणावा. तो चार दिवसांत संपला, तर संच घ्यावा.

४. मलपृष्ठ आणि इंटरनेट, दोन्ही झाकून ठेवा

नायकाचा दैवी जन्मदाता कोण, हा पहिल्या भागाच्या पूर्वार्धातला मुख्य प्रश्न आहे, आणि पुढच्या भागांची मलपृष्ठे त्याचे उत्तर बेधडक सांगून टाकतात. म्हणून पाचही पुस्तके टेबलावर मांडून ठेवू नयेत. याहून मोठा धोका शोधयंत्राचा आहे. कुणा पात्राचे नाव टाइप करायला घेतले, की ते पात्र पुढे मरते का, फितूर होते का, कुणाच्या प्रेमात पडते, हे शब्द आपोआप खाली उमटतात. आमची दोन्ही रहस्ये याच वाटेने फुटली. शंका आली तर ती वहीत लिहून ठेवायची आणि भाग संपल्यावर उत्तर शोधायचे, असा नियम आम्ही त्यानंतर केला.

५. आधी प्रकरण, मग पुराण

ग्रीक पुराणे ठाऊक नसताना ही पुस्तके कळतील का, हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. काही जण उत्साहाने आधी मुलाला ग्रीक कथांचा संग्रह वाचायला लावतात. हा क्रम उलटा आहे, असे मी ठामपणे म्हणेन. लेखकाने प्रत्येक जुनी कथा नव्या वेषात लपवलेली आहे, आणि ती ओळखायला थोडा उशीर लागण्यातच वाचनाचे सुख आहे.

पहिल्या भागाचे अकरावे प्रकरण उदाहरण म्हणून घ्या. थकलेली, भुकेलेली तीन मुले रात्री न्यू जर्सीतल्या एका रस्त्याकडेच्या दुकानात शिरतात. दुकान बागेत ठेवायच्या सिमेंटच्या पुतळ्यांचे आहे. मालकीण प्रेमळ आहे. तिने डोके आणि चेहरा वस्त्राने झाकलेला आहे, आणि ती मुलांना पोटभर बर्गर खाऊ घालते. पुतळे अतिशय हुबेहूब आहेत, पण सगळ्यांचे चेहरे भ्यालेले आहेत. मुलांपैकी एक जण एका पुतळ्याकडे पाहून म्हणतो की, हा अगदी आपल्या फर्डिनंड काकांसारखा दिसतो. ज्याला ती ग्रीक कथा ठाऊक आहे, त्याला हा प्रसंग दुसऱ्याच परिच्छेदात कळतो. भाचीला ठाऊक नव्हती. तिने ते वाक्य वाचले, पान न उलटता पुस्तक मांडीवर ठेवले आणि मला विचारले, “मावशी, हे पुतळे आधी माणसं होती का?” तिला ते स्वतःच्या स्वतः सुचले होते. मूळ कथा मी तिला प्रकरण संपल्यावर सांगितली, आणि ती तिच्या कायमची लक्षात राहिली.

म्हणून पद्धत अशी ठेवावी: प्रकरण वाचायचे, अंदाज वहीत लिहायचा, आणि मगच मूळ कथा पाहायची. मूळ कथांसाठी याच लेखकाची ‘पर्सी जॅक्सन्स ग्रीक गॉड्स’ (२०१४) आणि ‘पर्सी जॅक्सन्स ग्रीक हीरोज’ (२०१५) ही दोन पुस्तके आहेत. त्यांत पर्सी स्वतः पुराण सांगतो, आणि तेही बऱ्यापैकी उद्धटपणे. पहिली मालिका संपल्यावर ती घ्यावीत.

मराठी घरातल्या मुलाला एक गोष्ट मात्र समजावून सांगावी लागत नाही. देव आणि मानवी स्त्री यांचे मूल, त्याच्या अंगचे अलौकिक बळ, आणि जन्मदाता समोर असूनही परका असण्याचे दुःख, हे कर्णाची कथा ऐकलेल्या मुलाला ठाऊकच असते. ‘देवांना इतकी मुले कशी?’ या प्रश्नाला पालक बिचकतात. कुंतीची गोष्ट सांगताना ते बिचकत नाहीत, याची मी त्यांना आठवण करून देते.

६. नावांची वही कशी भरावी

मुले पहिल्या शंभर पानांत अडखळतात ती नावांमुळे. त्यावर सोपा उपाय पुस्तकातच आहे. छावणीत बारा देवांसाठी बारा खोल्या आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून काढावेत. १ झ्यूस, २ हेरा, ३ पोसायडन, ४ डिमीटर, ५ एरीज, ६ अथीना, ७ अपोलो, ८ आर्टेमिस, ९ हिफेस्टस, १० ॲफ्रोडायटी, ११ हर्मीज, १२ डायोनायसस. पाताळाचा स्वामी हेडीज याला या यादीत खोली नाही, आणि ती का नाही हा कथेचा एक धागा आहे. ज्यांच्यावर कोणत्याही देवाने अजून हक्क सांगितलेला नाही, अशी मुले अकराव्या खोलीत दाटीवाटीने झोपतात. कारण हर्मीज हा प्रवाशांचा देव आहे आणि तो कुणालाही दारातून परत पाठवत नाही.

प्रत्येक नावापुढे एक रिकामा रकाना सोडा. दुसऱ्या मालिकेत हेच देव रोमन नावांनी येतात: झ्यूसचा ज्युपिटर होतो, पोसायडनचा नेपच्यून, एरीजचा मार्स, हर्मीजचा मर्क्युरी, ॲफ्रोडायटीची व्हीनस, अथीनाची मिनर्व्हा. अपोलो तेवढा दोन्हीकडे अपोलोच राहतो. ग्रहांची इंग्रजी नावे ठाऊक असल्यामुळे रोमन रकाना मुले भराभर भरतात. झ्यूस, ज्युपिटर आणि वेदांतला द्यौस् पिता ही नावे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच मुळापासून आलेली आहेत, हेही या पानावर टिपून ठेवण्याजोगे आहे.

उच्चारांसाठी दोन नियम पुरतात. ग्रीक नावाच्या शेवटी येणारा ‘ई’ बहुधा उच्चारतात, म्हणून ‘पर्सेफोन’ नव्हे तर ‘पर्सेफनी’. आणि इंग्रजीत ‘ch’ या ज्या अक्षरजोडीचा आपण ‘च’ करतो, तिचा ग्रीक नावांत ‘क’ होतो. त्यामुळे मुलांना शिकवणारा अश्वमानव ‘चिरॉन’ नसून ‘कायरन’ आहे, आणि मृतांना नदीपार नेणारा नावाडी ‘कॅरन’. आम्ही पहिला भाग संपेपर्यंत ‘चिरॉन’च म्हणत होतो, आणि त्याने काही बिघडले नाही.

७. दुसऱ्या मालिकेकडे घाई करू नका

पहिली मालिका संपली की मूल लगेच दुसरी मागते. दोन गोष्टी त्याला आधी सांगाव्यात. पहिल्या मालिकेत पर्सी स्वतः बोलतो. त्याच्या प्रकरणांची नावेसुद्धा थट्टेखोर आहेत, आणि गणिताच्या बाईंची आपल्या हातून चुकून वाफ कशी झाली, हे सांगण्यापासून पुस्तकाची सुरुवात होते. दुसऱ्या मालिकेत हा आवाज नाही. तिथे निवेदन तृतीयपुरुषी आहे आणि ते वेगवेगळ्या पात्रांच्या बाजूने आळीपाळीने येते. शिवाय ‘द लॉस्ट हीरो’ हा भाग पाचशेहून अधिक पानांचा आहे आणि त्यात नवीन तीन मुलांशी ओळख करून घ्यावी लागते. अनेक मुले इथे पुस्तक खाली ठेवतात. त्यांना पन्नास पानांची मुदत द्यावी, आणि तरीही मन रमले नाही तर सहा महिने थांबावे.

तिसऱ्या मालिकेत शिक्षा म्हणून मर्त्य झालेला अपोलो बोलतो. लेस्टर पापाडोपोलस नावाच्या, चेहऱ्यावर मुरुमे असलेल्या मुलाच्या देहात तो न्यूयॉर्कच्या गल्लीत कचऱ्यात येऊन पडतो, आणि प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एक वाईट हायकू लिहितो. विनोद भरपूर असला तरी या मालिकेतले मृत्यू जिव्हारी लागतात. ती बारा वर्षांच्या आत देऊ नये, असे माझे मत आहे. पहिली मालिका नऊ-दहा वर्षांच्या वाचकालाही चालते.

८. चित्रपट नंतर

२०१० आणि २०१३ साली निघालेल्या दोन चित्रपटांत मुलांची वयेच वाढवलेली आहेत. कादंबरीत पर्सी बारा वर्षांचा असतो, आणि तो सोळाचा होईल तेव्हा काय घडेल याविषयीच्या भविष्यवाणीवर पाचही भाग उभे आहेत. पडद्यावर तो आधीच मोठा दिसल्याने हा पायाच ढासळतो. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली दूरचित्रवाणी मालिका वयाच्या बाबतीत मूळ कथेला धरून आहे, आणि तिच्या निर्मितीत लेखकाचा सहभाग आहे. तरीही आधी पुस्तक वाचावे. विशेषतः ते पुतळ्यांचे दुकान पहिल्यांदा पडद्यावर पाहू नये.

९. पुढे कुठे जावे

याच लेखकाने इजिप्तच्या देवांवर तीन आणि उत्तर युरोपातल्या देवांवर तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. आपल्याकडच्या वाचकाला त्याआधी रोशनी चोक्शी यांची ‘अरु शाह अँड द एंड ऑफ टाइम’ (२०१८) सुचवावीशी वाटते. रायर्डन यांच्या नावाने चालणाऱ्या प्रकाशनमालेतले ते पहिले पुस्तक आहे, आणि त्यात पांडव आजच्या अमेरिकेत मुलींच्या रूपाने पुन्हा जन्म घेतात. मूळ कथा आधीच ठाऊक असल्यामुळे इथे मूल लेखिकेच्या दोन पावले पुढे असते, आणि पाचव्या टप्प्यातला खेळ उलट बाजूने खेळता येतो.

१०. एक रात्र गच्चीवर

हा टप्पा पहिला भाग संपल्यावरच घ्यावा, कारण यात त्या अकराव्या प्रकरणाचे उत्तर आहे. पर्सी हे पर्सियसचे लघुरूप. ग्रीक कथांतल्या ज्या थोड्या वीरांचा शेवट सुखाचा झाला, त्यांपैकी तो एक. म्हणून आईने मुलाला हे नाव दिले. हा पर्सियस मराठी माणसाने आकाशात पाहिलेला असतो, फक्त वेगळ्या नावाने. ज्याला आपण ययाती तारकासमूह म्हणतो, तो पर्सियस. त्याची पत्नी अँड्रोमेडा म्हणजे आपली देवयानी. शर्मिष्ठा मात्र ग्रीकांकडे त्याची सासू कॅसिओपिया आहे, आणि वृषपर्वा हा सासरा. मुलांना हा नात्यांचा घोटाळा फार आवडतो.

डिसेंबरमध्ये संध्याकाळी आठच्या सुमारास शहराच्या दिव्यांपासून दूर उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. शर्मिष्ठेचे पसरट ‘एम’सारखे पाच तारे आधी सापडतात. तिथून पूर्वेकडे सरकले की ययाती येतो, आणि त्यात अल्गोल नावाचा तारा आहे. जिच्याकडे थेट पाहणारा माणूस दगड होतो त्या मेड्युसाचे मस्तक पर्सियसने छाटले, आणि त्याच्या हातातल्या त्या मस्तकाची ही जागा. अल्गोल म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी आहे. त्यांतला मंद तारा दर २ दिवस २१ तासांनी तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो, आणि त्या काही तासांत अल्गोल नुसत्या डोळ्यांनाही फिका झालेला कळतो. लागोपाठ तीन-चार रात्री शेजारच्या ताऱ्यांशी त्याच्या तेजाची तुलना करून वहीत नोंद करावी. आमच्या वहीत तिसऱ्या रात्रीपुढे भाचीच्या अक्षरात लिहिलेले आहे: “आज डोळा मिटला होता. मी तरी थेट पाहिले नाही.”